गजू, हिशोब दोन घरांचा कर

पाटणबोरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ
१० मे

प्रिय गजू,

परवा फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, "हैदराबादची नोकरी पक्की झाली, अडतीस हजार, जूनमध्ये सगळ्यांना घेऊन जातो." ऐकून मनापासून आनंद झाला. कापसाच्या जिनिंगमधल्या पंधरा हजारांवर तू घर, दोन पोरं, काका-काकूंचं औषधपाणी आणि वरून चार एकर वावर कसं ओढतोस, ते मी इतकी वर्षं पाहतो आहे. पण "सगळ्यांना घेऊन" हे शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. फोनवर हे सगळं बोलणं झालं नसतं, म्हणून कागद घेतला. वहिनींसोबत बसून वाच. घर त्यांना चालवायचं आहे.

आधी पगाराचं पाहू. अडतीस हजार हा आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च आहे, की हातात येणारा, हे विचार. सीटीसी असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा त्यातच धरलेला असतो. पंधरा हजारांवर बारा टक्के धरले तरी १,८०० कंपनीचे आणि १,८०० तुझे, असे ३,६०० बाजूला पडतात. पैसा तुझाच, पण महिन्याच्या किराण्याला तो येत नाही. त्यावर व्यवसाय कराचे २०० रुपये. हातात चौतीस हजार धर. ग्रॅच्युइटीही त्यात मोजली असेल तर त्याहून कमी. आणि सध्या तुझा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो ना? पगार २१,००० च्या वर गेला की ते छत्र राहत नाही. कंपनी मेडिक्लेम देते का आणि त्यात आई-बाबा येतात का, हे लेखी मागून घे. तोंडी "हो हो, सगळं आहे" यावर राहू नकोस.

आता किराया. जीडिमेटला, बालानगर या कारखान्यांच्या पट्ट्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आठ-नऊ हजारांत मिळायला हरकत नाही. हायटेक सिटीकडे पाहूच नको. बंगळुरूसारखं तिथं आठ-दहा महिन्यांचं डिपॉझिट मागत नाहीत, ही चांगली गोष्ट; दोन महिन्यांच्या अ‍ॅडव्हान्सवर बहुतेक घरमालक मानतात. तरी पहिला किराया, अ‍ॅडव्हान्स, दलालाचा एक महिना आणि सामानाचा टेम्पो मिळून पहिला पगार दिसायच्या आत पन्नास हजार हातचे जातात. आणि ते जातात नेमके जूनमध्ये. माझ्या दुकानात बसून मी रोज पाहतो, जूनमध्ये माणसाच्या खिशात काय उरतं ते. बीटी कपाशीचं एक पाकीट नऊशेच्या घरात, डीएपी खताची चुंगडी वेगळी, पेरणीची मजुरी वेगळी. दोन्हीकडचा खर्च एकाच महिन्यात आला तर सावकाराचं दार सोडून दुसरं कुठलं दार उघडं असतं, तूच सांग.

विजेचं एक लक्षात ठेव. तेलंगणात घरगुती वीज आपल्यापेक्षा स्वस्त आहे, हे खरं. महिन्याला शंभर युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या पन्नास युनिटना १ रुपया ९५ पैसे, पुढच्या पन्नासला ३ रुपये १० पैसे. पण शंभर ओलांडले की टप्पाच बदलतो, पहिल्या युनिटपासून दर वाढतो. आम्ही पूर्वी हैदराबादला राहायचो तिथं मालकानं एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडं घातली होती. मीटर एकत्र फिरायचं, त्यामुळे बिल वरच्या टप्प्यात जायचं आणि सबमीटर पाहून मालक सगळ्यांकडून युनिटमागे एकच चढा दर घ्यायचा. आम्ही दोन दिवे आणि एक पंखा चालवला तरी स्वस्त दर आमच्या वाट्याला कधी आला नाही. खोली पाहायला जाशील तेव्हा भिंतीचा रंग नंतर पाहा, आधी मीटर स्वतंत्र आहे का ते पाहा.

आणि खाण्यापिण्याचं. याबद्दल मला जरा जास्तच लिहायचं आहे, कारण आपल्याकडे हा खर्च कोणी मोजतच नाही. तुझ्या घरी ज्वारी विकत येते का? तूर येते का? कोठीत वर्षाची ज्वारी असते, डाळ घरच्या तुरीची, दूध दारच्या म्हशीचं, वांगी-कोथिंबीर परसात, अंबाडी बांधावर. पंधरा हजारांत तुझं घर चालतं ते त्यामुळे. हैदराबादला यातली एकेक वस्तू पाकिटातून येते. अंबाडीसुद्धा, जी इथं कोणी कोणाला मोजून देत नाही, तिथं गोंगुरा म्हणून जुडीच्या हिशोबानं घ्यावी लागते. तिथला तांदूळ सुरेख, सोना मसुरी सगळ्यांना आवडतो, पण आपल्या पोटाला भाकर लागते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई संध्याकाळी चूल मांडायची. गरम पाण्यात भिजवलेलं पीठ दोन्ही हातांनी थापून अशी पातळ रोटी काढायची की पलीकडचा उजेड दिसावा. जोन्ना रोट्टे म्हणतात तिला. चव अगदी आपली. पण वीस रुपयांना एक. चौघांना रात्रीच्या जेवणाला आठ रोट्या म्हटलं तरी एकशेसाठ रुपये, आणि ते फक्त भाकरीचे. माझी बायको पहिल्या महिन्यातच म्हणाली, गावाहून ज्वारी आणू आणि मीच करीन. मग दर फेरीला बसच्या टपावर चुंगडं. तुमच्याही घरी तेच होणार. फक्त मागं राहिलेल्या वावरात ज्वारी पेरणार कोण, याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

वहिनींना लाडकी बहीणचे १,५०० येतात. ती योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांची, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. अडतीस हजारांनी वर्षाचे साडेचार लाखांवर होतात. म्हणजे ते पैसे आजच हिशोबातून काढून ठेव. काकांचं केशरी कार्ड आहे. आपल्या जिल्ह्यासह आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य होतं, २०२३ पासून त्याऐवजी रोख मिळते. ही आपल्या राज्याची सवलत आहे. "एक देश एक रेशन कार्ड" ऐकून तिथल्या दुकानात जाशील तर अडचण होईल, ते अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांसाठी आहे, केशरी कार्डाच्या या शेतकऱ्यांसाठी नाही. उलट तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण त्याला तेलंगणाचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. आधारवरचा पत्ता बदलावा की नाही, हे त्यामुळे घाईनं ठरवू नका.

गजू, मला सगळ्यात जास्त काळजी वेदांतची वाटते. आता तो नववीत जाणार. तिकडे शाळा १२ जूनच्या सुमारास उघडतात, आपल्या विदर्भात जून सरता सरता. तेवढ्या दिवसांत तुला ठरवायचं आहे, आणि हे ठरवणं त्याच्या बारावीपर्यंत पुरणार आहे. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं सगळ्या शाळांमध्ये तेलुगू शिकवणं सक्तीचं आहे. आपल्या सीमेवरच्या पोरांच्या कानावर तेलुगू असते, पण कानावर असणं वेगळं आणि परीक्षेत लिहिणं वेगळं. ते तो शिकेलही. खरा पेच पुढच्या प्रवेशाचा. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते, डोमिसाईलचा, म्हणजे रहिवासाचा दाखला वेगळा. तेलंगणात स्थानिक धरायला नववी ते बारावी सलग तिथं शिकलेलं लागतं. म्हणजे आता नेलास तर बारावी होईपर्यंत हलवायचा नाही. दहावी तिथं आणि अकरावीला परत, असं झालं तर पोरगा इथलाही नाही आणि तिथलाही नाही. शिवाय आपलं कुणबीचं प्रमाणपत्र इथलं. दुसऱ्या राज्याच्या आरक्षणात आणि शिष्यवृत्तीत ते चालत नाही, तिथं तो खुल्या गटातच. सरकारी जागा आणि खासगी कॉलेज यांच्या फीमधला फरक लाखांनी मोजावा लागतो. महिन्याच्या कुठल्याच हिशोबात हा खर्च दिसत नाही, आणि सगळ्यात मोठा तोच आहे.

आता मुख्य सांगायचं ते. तू फोनवर मला तिथलाच हिशोब सांगत होतास, इतका किराया, इतका किराणा. इथलं घर तू बंद धरलंस. ते बंद होत नाही, गड्या. काकांना मी ओळखतो, ते म्हणतील, "जाय बाप्पा तू, आमचं काय, आम्ही राहू." पण रविवारी वावरात तू असतोस, कपाशीची अर्धीअधिक वेचाई वहिनी आणि काकू मिळून उरकतात. तुम्ही दोघं नसलात की ती सगळी मजुरीवर जाईल, किलोमागे दहा-बारा रुपयांनी, तेही बाया मिळाल्या तर. फवारणीला माणूस, रानडुकरांच्या राखणीला माणूस. म्हशीचं काकूंना एकटीला झेपणार नाही, म्हणजे ती विकायची आणि मग इथंही दूध विकत. मक्त्यानं वावर दुसऱ्याला कसायला दिलंस तर मक्त्याचा पैसा येईल, पण कोठीतली ज्वारी आणि तूर जाईल. पोळा, दिवाळी, भावकीतली लग्नं, कोणाची तेरवी, यासाठी येणं होणारच. चौघांचं येणं-जाणं, आणि दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले काय भाडं घेतात ते तुला ठाऊक आहे. काकांना बीपीचा त्रास आहे, रात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणाची गाडी, कोण सोबत?

मी माझ्या माहितीनं तुझ्या महिन्याची मांडणी करून पाहिली. किराया नऊ हजार, वीज-पाणी-मेंटेनन्स दीड, धान्य-किराणा-भाजी साडेआठ, दूध दोन, गॅस आणि फोन तेराशे, दोन पोरांची शाळा आणि व्हॅन साडेपाच, तुझं जाणं-येणं दीड. झाले एकोणतीस हजार तीनशे. चौतीसातून राहिले चार-पाच हजार. त्यात काका-काकूंचं औषध, वावराची मजुरी, गावच्या फेऱ्या. तोंडमिळवणी कशीबशी होईल, पण गाठीला काही राहणार नाही. मग एवढं सगळं उपटून न्यायचं कशासाठी?

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. नोकरी घे. अशी संधी आपल्या तालुक्यात बसून मिळत नाही, आणि तुझ्यासारखं चोख काम करणाऱ्या माणसानं पंधरा हजारांत का झिजावं? पण सध्या एकटा जा. तिघा-चौघांत खोली कर. खोली, मेस, जाणं-येणं, गावची महिन्याची एक फेरी धरून अकरा-बारा हजारांत भागेल. बावीस हजार घरी येतील. आज पंधरा येतात, आणि तेवढ्यात सगळ्यांचं चालतं. वेदांत इथून दहावी करेल, म्हैस दारात राहील, कोठी भरलेली राहील. दोन वर्षांत तुझा पगार किती वाढतो, काकांची तब्येत कशी राहते, हे दिसेल, मग वहिनी आणि पोरांचं ठरव.

याची किंमत आहे, हे मला पक्कं माहीत आहे. वावर, म्हातारी माणसं आणि पोरांचा अभ्यास, सगळं वहिनींच्या अंगावर पडेल. परी अजून लहान आहे, तिला रोज संध्याकाळी बाप लागतो. त्यामुळे हा निर्णय तू आणि मी मिळून घ्यायचा नाही. वहिनी म्हणाल्या की मला एकटीला नको, तर माझा सगळा हिशोब बाजूला ठेव आणि कंपनीशी पगार वाढवून बोल. चौघांनी तिथं राहून इथलं घर सांभाळायचं असेल तर हातात पंचेचाळीस तरी यावेत, त्याच्या खाली होकार देऊ नको. मागायला लाजू नको. त्यांनी तुला बोलावलंय, तू दारात उभा राहिला नव्हतास.

रविवारी इकडे ये. ऑफर लेटरची झेरॉक्स आण, तुझं बँकेचं पीककर्ज किती बाकी आहे तो आकडा आण. बालानगरला माझ्या ओळखीचे दोघं-तिघं अजून आहेत, खोलीचं त्यांच्याशी तुझ्यासमोरच बोलतो. जेवायलाच ये, अंबाडीची भाजी आणि भाकर करायला सांगितलं आहे. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर

ता. क. गाडीचं लिहायचं राहिलं. एमएच-२९ ची मोटारसायकल तिथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर यवतमाळ आरटीओची एनओसी काढून तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला टॅक्सही भरावा लागतो. तेलंगणात पेट्रोलवरचा व्हॅटही आपल्यापेक्षा जास्त आहे. एकटा गेलास तर गाडी घरीच राहू दे, काकांना दवाखान्यात न्यायला कामी येईल.