क्रूझवर घड्याळ जहाजाचे लावावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील क्रूझ सहलींवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती आणि जहाजावरील जलतरण तलाव, रात्रीचे कार्यक्रम यांचे वर्णनही रसाळ होते. मात्र लेखात पुन्हा पुन्हा आलेला ‘तरंगते हॉटेल’ हा शब्दप्रयोग मला खटकला. आम्ही उभयतांनी आतापर्यंत तीन क्रूझ सहली केल्या. त्यांत आमची किंवा सहप्रवाशांची जी काही फजिती झाली, ती बहुतेक वेळा आपण हॉटेलात उतरलो आहोत अशा समजुतीत वावरल्यामुळे झाली. हॉटेलात रात्री उशिरा परतले तरी खोली जागेवरच असते. जहाजाचे तसे नाही.

पहिला गोंधळ वेळेचा. मार्गात देश बदलतात, तशी स्थानिक वेळही बदलते; पण जहाज आपले घड्याळ प्रत्येक बंदरात बदलेलच असे नाही. मोबाइल मात्र किनाऱ्याचे नेटवर्क मिळताच आपणहून वेळ बदलतो. ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे असते. आमच्या दुसऱ्या सहलीत जहाजाने ग्रीसची वेळ कायम ठेवली होती आणि मुक्काम इटलीच्या बंदरात होता. संध्याकाळी जहाजाची शिडी आत ओढली गेली, दोर सुटले आणि तेवढ्यात धक्क्यावरून एक जोडपे हातातल्या पिशव्या सावरत धावत येताना दिसले. डेकवर उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी चित्रणही केले, जे मला मुळीच आवडले नाही. ते दोघे मोबाइलमधील वेळेवर विसंबले होते. अशा वेळी पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. तेव्हापासून मी मनगटावर साधे घड्याळ बांधते आणि ते जहाजाच्या वेळेवर लावते. केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर परतण्याची वेळ आणि जहाज कंपनीच्या बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. तो कागद आणि पारपत्राची एक छायाप्रत जवळ ठेवल्याखेरीज उतरू नये. परतण्याची वेळ ही जहाज सुटण्याची वेळ नसते. ती त्याआधी अर्धा ते एक तास असते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरी फसगत बंदरांच्या नावांची. माहितीपत्रकात ‘रोम’ असे छापलेले असते, पण जहाज लागते ते चिव्हितावेक्कियाला आणि तेथून रोम सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. ‘पॅरिस’ म्हणून ल हाव्र बंदरात उतरवतात, तेथून पॅरिस २०० किलोमीटरच्या आसपास पडते. फ्लॉरेन्ससाठीचे लिव्होर्नोही जवळ नाही. आठ तासांच्या मुक्कामातले चार-पाच तास रस्त्यातच जाणार असतील, तर त्या दिवशी बंदराचेच गाव निवांत पाहावे, असे मी अनुभवाने म्हणते. जायचेच असेल तर लांबच्या ठिकाणी जहाजाकडूनच आयोजित केलेली सहल घ्यावी; ती महाग पडते खरी, पण तिची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबते किंवा पुढची व्यवस्था कंपनी करते. स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी कोणी थांबत नाही.

काही ठिकाणी तर जहाज धक्क्याला लागतच नाही. ग्रीसच्या सांतोरिनी बेटाला ते समुद्रातच उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून कड्याच्या पायथ्याशी नेतात. वर फिरा गावात जायला केबल कार आहे, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. चढताना काही वाटत नाही. खरी परीक्षा उतरताना असते, कारण त्या दिवशी आलेल्या सगळ्या जहाजांचे प्रवासी दुपारनंतर त्याच एका रांगेत उभे असतात. आम्ही तासभर रांगेत होतो. खाली निळ्या पाण्यात आमचे जहाज आगपेटीएवढे दिसत होते आणि रांग हलत नव्हती. शेवटी पायऱ्यांची वाट धरली. त्याच वाटेने खेचरे ये-जा करतात, त्यामुळे लिदीतून पाय सावरत, एकमेकांचा हात धरून उतरलो आणि शेवटच्या काही बोटींपैकी एक कशीबशी गाठली. चपला घालून आलेल्यांचे हाल पाहवत नव्हते.

आपल्या लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे जहाजावरील आपत्कालीन सराव. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्कियाहून चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण त्या वेळच्या नियमानुसार तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. पुढे सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच हा सराव घेणे बंधनकारक झाले. आता अनेक जहाजांवर त्याचा मोठा भाग मोबाइलवरच्या चित्रफितीने उरकतो आणि लोक ती लावून फोन पालथा ठेवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ही धोक्याची खूण आहे, एवढे तरी घरातल्या मुलांसकट सगळ्यांना पाठ असावे. लिफ्ट तेव्हा वापरायची नसते. मी पहिल्याच दिवशी केबिनपासून जिन्यापर्यंतचे दरवाजे मोजते. यजमान हसतात, पण आकडा तेही लक्षात ठेवतात.

केबिन निवडताना बोट लागण्याचा विचार आधी करावा. सी-सॉच्या टोकाला बसलेले मूल जसे वर-खाली होते आणि मध्ये उभे असलेले जवळजवळ हलत नाही, तसेच जहाजाचे असते. हेलकावे सर्वांत कमी जाणवतात ते जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. गंमत अशी, की वरच्या मजल्यांवरील ऐसपैस केबिनसाठी लोक जास्त पैसे मोजतात आणि हेलकावेही जास्त खातात. वर-खाली दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील अशी जागा शांत असते. तलावाच्या खालची जागा घेतली, तर भल्या पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्या जातात. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी. मळमळू लागल्यास केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे पाहावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, अन्यथा तो जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल घरी आल्यावर डोळे पांढरे होतात. जहाजावरील डॉक्टरांची फी वेगळी असते, म्हणून आपत्कालीन स्थलांतराचा खर्च देणारा प्रवास विमा हवाच. युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा शेंगेन व्हिसा लागणाऱ्यांनी जहाज मध्येच तुर्कस्तानला जाऊन परत येते का, हे पाहून अनेक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांची साथ जहाजावर झपाट्याने पसरते आणि दारातल्या सॅनिटायझरचा त्या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे जेवणापूर्वी साबणाने नीट हात धुणे टाळू नये. खात्यावर रोज आपोआप पडणारी टीप आणि इतर खर्च मधल्या एखाद्या दिवशीच तपासावे. शेवटच्या सकाळी स्वागतकक्षापुढे लांब रांग असते.

सामानाचे मात्र सविस्तर सांगायला हवे. चढताना बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधे, चष्मा, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. उतरण्याच्या आदल्या रात्री हेच उलट होते: रंगीत चिठ्ठी लावून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, रात्रीतून त्या खाली जातात आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या दालनात मिळतात. पहिल्या सहलीत मी मोठ्या शिस्तीने सगळे आवरून, बॅग बंद करून दाराबाहेर ठेवली आणि समाधानाने झोपले. सकाळी लक्षात आले की बुटांचा एकुलता एक जोड बॅगेतच गेला होता. केबिनमधल्या पांढऱ्या कापडी सपाता घालून, पावसाने ओल्या झालेल्या धक्क्यावरून चालत मी त्या दालनापर्यंत गेले आणि हिरव्या चिठ्ठ्यांच्या शेकडो बॅगांमध्ये आमची बॅग शोधत बसले.

आपली,
एक नियमित वाचक