बुरानाला जाण्याआधी हे वाच

सोनू,

रविवारी तुम्ही सगळ्या मुली बुरानाला जाताय ना, मग त्याआधी हे वाचून काढ, फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही म्हणून लिहायलाच बसले. तू म्हणालीस तिकडे एक जुना टॉवर आणि थोडे दगड आहेत, बाकी काही नाही. अगं, तू जिथे एमबीबीएस करतेयस ते किर्गिझस्तानातलं चू नदीचं खोरं म्हणजे पश्चिम तुर्कांच्या खागानाचा खास मुलूख! खागान म्हणजे त्यांचा सम्राट. आणि आपल्याकडे या लोकांची ओळख काय करून देतात तर घोड्यावरून आले, लुटलं, गेले. इतकी वर्षं इतिहास शिकवतेय पण हे ऐकलं की अजून राग येतो, कारण डझनावारी टोळ्या, प्रत्येकीचा सरदार वेगळा, चरायची कुरणं वेगळी, त्यांना एका खागानाखाली बांधून ठेवणं म्हणजे काय खायचं काम नाही.

सुरुवात तुझ्याकडून बरीच ईशान्येला, अल्ताई डोंगरात. अशिना नावाचं तुर्कांचं घराणं, ते रूरान नावाच्या भटक्या साम्राज्याचे मांडलिक, काम काय तर लोखंड गाळायचं आणि हत्यारं घडवायची. त्यांचा पुढारी बुमिन. त्याने 546 मध्ये रूरानांवर चालून येणाऱ्या तिएले टोळ्यांना हरवलं, 50,000 तंबूंची माणसं त्याच्याकडे आली, आणि मग त्याने रूरान खागान अनागुईकडे त्याची मुलगी मागितली. अनागुईने निरोप पाठवला की तू माझा लोहार गुलाम, तुझी हिंमत कशी झाली. बुमिनने तो निरोप आणणाऱ्यालाच मारलं, सरळ चीनमधल्या पश्चिम वेई दरबाराशी सोयरीक जुळवली, 551 मध्ये तिथली राजकन्या केली आणि 552 मध्ये रूरानांचा असा पराभव केला की अनागुईने जीव दिला. बुमिन स्वतः त्याच वर्षी गेला. पण मला विचारशील तर त्या अपमानापेक्षा ते 50,000 तंबू महत्त्वाचे, कारण हरलेल्यांना कापून न काढता आपल्यात घेतलं म्हणून तर एका घराण्याचा संघ झाला.

बुमिनचा भाऊ इस्तेमी पश्चिमेकडे आला, म्हणजे तुझ्या बाजूला. त्याने इराणच्या खुस्रो अनुशिरवानशी हातमिळवणी करून 560 च्या आसपास हेफ्थलाइटांचं राज्य मोडलं, हे हेफ्थलाइट म्हणजे गुप्तांच्या काळात आपल्याकडे आलेल्या हूणांचे नातलग समजले जातात. आता चीनमधून येणारं रेशीम तुर्कांच्या हातात आलं, ते विकायला समरकंदकडचे सोग्दी व्यापारी तयारच होते, त्यांच्यातला मानियाख नावाचा माणूस माल घेऊन इराणला गेला. खुस्रोने सगळं रेशीम विकत घेतलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर जाळून टाकलं! मग इस्तेमीने मानियाखला इराणला वळसा घालून थेट कॉन्स्टँटिनोपलला, पूर्व रोमन सम्राटाकडे पाठवलं, 568 मध्ये, आणि तिथून झेमार्खोस नावाचा वकील उलट इकडे आला. त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलंय, आत येण्याआधी विस्तवाने शुद्धी करून घ्यावी लागली, तंबू रेशमाने मढवलेला, सोन्याचं चाकांचं सिंहासन घोड्याने ओढायचं, आणि एक पलंग चार सोन्याच्या मोरांवर तोललेला. लुटारू म्हणून शिकवतात त्या लोकांची ही मुत्सद्देगिरी बघ.

मग घात कशाने झाला तर भाऊबंदकीने. गादी बापाकडून मुलाकडे जाईलच असं नव्हतं, भावाकडून भावाकडे जायची, त्यामुळे पुढच्या पिढीत चुलतभावांची रांगच लागायची आणि प्रत्येकाचा हक्क खरा. 581 नंतर ते एकमेकांवर उठले, चीनच्या सुई घराण्याने त्यात तेल ओतलं, आणि पूर्व तुर्क वेगळे, पश्चिम तुर्क वेगळे झाले ते झालेच. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, मंगोलियात ओर्खोन नदीकाठी 732 चा कुल तिगिन नावाच्या तुर्क राजपुत्राचा शिलालेख आहे, त्यात त्यांचे वंशजच सांगतात की धाकट्या-मोठ्या भावांत वितुष्ट आलं, सरदार आणि रयत एकमेकांविरुद्ध भडकवली गेली, म्हणून राज्य गेलं. आपल्या पडझडीची कारणं स्वतः दगडावर कोरून ठेवणारे लोक मला फार मोठे वाटतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. 630 च्या सुमारास ह्युएनत्संग भारताकडे निघाला तो सुयाबवरून, आणि सुयाब म्हणजे तोकमोकजवळचं आजचं आक-बेशिम, बुरानापासून अगदी जवळ. तिथे त्याला खागान भेटला, अंगात हिरवा रेशमी झगा, केस मोकळे, कपाळाला लांबच लांब रेशमी पट्टा मागे सोडलेला, भोवती दोनशे सरदार, सगळ्यांच्या वेण्या घातलेल्या, आणि त्यापुढे नजर पोचेपर्यंत घोडे आणि उंट. हे लोक अग्नी मानायचे, लाकडात अग्नी असतो म्हणून त्यावर बसायचे नाहीत, पाहुण्यासाठी मुद्दाम लोखंडी खुर्ची आणली. बाकी सगळ्यांना मटण आणि वाइन, पण याच्यासाठी भाताचे पदार्थ, साय, दूध, मध, द्राक्षं असं वेगळं ताट! खागान त्याला म्हणाला भारतात जाऊ नका, फार उकाडा, तुम्ही वितळून जाल. तो ऐकत नाही म्हटल्यावर दुभाष्या दिला, वाटेतल्या राजांना पत्रं दिली, 50 ताके रेशीम दिलं. तोच ह्युएनत्संग पुढे आपल्या महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, आणि इथले लोक मानी आणि लढवय्ये असं लिहून गेला. तुर्कांची ती पत्रं नसती तर तो डोंगर ओलांडून इकडे पोचला असता का, मला शंकाच आहे.

त्याच सुमारास पश्चिम तुर्कांच्या तोंग याबगू खागानाला त्याच्या काकानेच मारलं आणि परत फाटाफूट. 630 च्या दशकात पुढच्या एका खागानाने पश्चिम तुर्कांचे दहा भाग केले, प्रत्येक सरदाराला एक बाण दिला, म्हणून त्यांना ‘दहा बाण’ म्हणायचे, पाच सुयाबच्या पूर्वेला, पाच पश्चिमेला. म्हणजे हद्द तुझ्या खोऱ्यातूनच जायची. सरदारांना आपापला मान मिळाला खरा पण दोन गट कायमचे पडले, आणि 657 मध्ये चीनच्या तांग घराण्याचा सेनापती सू दिंगफांगने त्यांचा खागान अशिना हेलूला हरवलं, तेव्हा यातलेच काही चिन्यांच्या बाजूने लढले.

बुरानाचा टॉवर यांचा नाही हां, तो पुढच्या काराखानी तुर्कांचा, त्यांच्या बालासागून शहरातला मिनार. खागानाची जागा बघायची तर ड्रायव्हरला आक-बेशिमला न्यायला सांग, मातीचे उंचवटे आहेत नुसते, पण 1982 मध्ये तिथेच एका बुद्धमूर्तीचा चौथरा सापडला, त्यावर चिनी अधिकाऱ्याचं नाव कोरलेलं, त्यामुळे हेच सुयाब हे पक्कं झालं. आणि बुरानाच्या आवारात खोऱ्यातून गोळा केलेले दगडी पुतळे मांडलेत, बरेचसे या जुन्या तुर्कांच्या काळातले, हातात प्याला धरलेले. त्यांच्या मागच्या बाजूला जाऊनही बघ, अशा पुतळ्यांपैकी काहींच्या पाठीवर वेण्या कोरलेल्या असतात, त्या दोनशे सरदारांसारख्या. दिसल्या तर मला लगेच व्हिडिओ कॉल कर, शाळेला सुट्टीच आहे. जाकीट विसरू नकोस.

तुझी आई