रनरिगवाल्यांची नावं आम्हाला पाठ आहेत

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी बँड आणि त्यांच्या फॅन लोकांवर लेख आला होता तो वाचला. लेख छान होता, पण नावं सगळी तीच, लंडनची नाहीतर अमेरिकेची, जी कोणालाही माहीत असतात. स्कॉटलंडच्या रनरिगचा त्यात उल्लेखच नाही. नागपुरात आम्ही काही मित्र हा बँड कॉलेजपासून ऐकून राहिलो, आता आमची पोरं कॉलेजात जाऊन राहिली तरी ऐकणं काही सुटलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

1973 मध्ये स्काय नावाच्या बेटावर रोरी आणि कॅलम मॅकडॉनल्ड हे दोघं सख्खे भाऊ आणि त्यांच्यासोबत ब्लेअर डग्लस, असा तिघांचा हा बँड सुरू झाला, तेव्हा गावातल्या हॉलमध्ये नाचाच्या कार्यक्रमाला वाजवायचे. पुढच्या वर्षी डॉनी मनरो गायला आला. आणि 1978 ला यांनी पहिला अल्बम काढला तो अख्खा गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत! म्हणजे विचार करा, 2011 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सगळे मिळून 57 हजारांच्या आसपास होते, आपल्या कामठीत याच्यापेक्षा जास्त लोक राहतात. एके काळी तिथं शाळेत पोरगं गेलिक बोललं तर मार खायचं. अशा भाषेत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम लावून रॉक म्हणायचं आणि त्याच्यावर 45 वर्षं बँड चालवायचा, याला नुसती हौस पुरत नाही बाप्पा. नंतर इंग्रजी गाणी पण खूप केली, पण गेलिक कधी सोडली नाही, आणि 1995 ला त्यांचं एक गेलिक गाणं ब्रिटनच्या चार्टवर 18 नंबरला गेलं, त्या भाषेतलं गाणं पहिल्या विसात जाण्याची ती पहिलीच वेळ होती. बीअरच्या जाहिरातीत वाजलं म्हणून गेलं असं कोणी म्हणेल, म्हणू द्या, गाणं तर त्यांचंच होतं न.

आमच्यापर्यंत हे आलं ते कॅसेटमधून. एका मित्राचा मोठा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्यानं आणली. शब्द एक कळत नव्हता पण माल्कम जोन्सची गिटार सुरू झाली की अंगावर काटा यायचा, हाच माणूस बॅगपाइप वाजवतो, हाच अकॉर्डियन वाजवतो, आणि तिन्ही तितक्याच जीव लावून. तुम्ही कधी ऐकलं नसेल तर 'लॉक लोमंड' या गाण्याचं त्यांचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, लॉक लोमंड म्हणजे तिथला एक मोठा तलाव. गाणं जुनं, लोकांचंच, तिकडे लहान पोरांना पण येते. सुरुवात एकदम संथ, एकटा आवाज, मागे कीबोर्ड थोडासा, आणि खालून पब्लिक हळूहळू सोबत गायला लागते, मग एका जागी ड्रम पडतो आणि सगळं मैदान एकदम उसळते, तिथून पुढं गायक कोण आणि ऐकणारा कोण काही कळतच नाही. 1991 ला खुद्द त्या तलावाच्या काठी बलॉख इथं कार्यक्रम झाला होता त्याला 40 हजारांच्या वर लोक होते. हेच गाणं 2007 ला फुटबॉलच्या फॅन लोकांना सोबत घेऊन परत रेकॉर्ड केलं, मुलांच्या मदतनिधीसाठी, ते तर 9 नंबरपर्यंत गेलं.

डॉनी मनरो 1997 ला राजकारणात गेला, निवडणूक लढला आणि हरला. बँड बंद पडणार असंच सगळ्यांना वाटलं असेल कारण तो आवाज म्हणजेच रनरिग अशी ओळख होती. पण यांनी कॅनडातून केप ब्रेटनचा ब्रूस गथ्रो आणला, जिथं स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांची वस्ती जुनी आहे, आणि फॅन लोकांनी त्याला जवळ केलं. हे मला फार मोठं वाटते. जुना गायक गेला की रुसून बसणारे आपण खूप पाहतो, इथं लोकांनी नव्या माणसाला वीस वर्षं सांभाळलं, डेन्मार्क-जर्मनीतले लोक पण प्रवास करून यायचे. 2023 मध्ये ब्रूस वारला तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस त्याचीच गाणी सुरू होती.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. कोलंबिया यानात आपली कल्पना चावला होती हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्यासोबत लॉरेल क्लार्क नावाची अंतराळवीर होती, नेव्हीत डॉक्टर, स्कॉटलंडमध्ये राहून आलेली, आणि रनरिगची फॅन. अंतराळात सकाळी उठवायला गाणं वाजवतात तसं तिच्यासाठी रनरिगचं गाणं वाजलं होतं, त्यांची सीडी तिनं सोबत नेली होती. 1 फेब्रुवारी 2003 ला परत येताना यान तुटलं, सातही जण गेले. आणि त्या अवशेषांमध्ये ती सीडी सापडली. तिच्या नवऱ्यानं नंतर ती बँडला नेऊन दिली. 2016 ला त्यांनी शेवटचा अल्बम काढला त्यातलं शेवटचं गाणं तिच्यासाठी आहे. मी ते गाणं एकटा असलो की ऐकत नाही, ऐकवत नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये स्टर्लिंगला किल्ल्याच्या खाली मैदानात दोन दिवस शेवटचे कार्यक्रम झाले आणि बँड थांबला. भांडून नाही, कोणी कोणाला कोर्टात न खेचता, दोघं भाऊ शेवटपर्यंत सोबत, ड्रमवर इयन बेन 1980 पासून तोच. त्या शेवटच्या कार्यक्रमांची फिल्म आम्ही दरवर्षी एका मित्राच्या गच्चीवर पडदा लावून पाहतो, मनीषनगरात, शेजारचे पण येऊन बसतात, एक काकू तर आता स्वतःच विचारतात की यंदा कधी.

आता मुद्द्यावर येतो. आम्हाला नागपुरात बसून स्कॉटलंडच्या एका बँडच्या ड्रमवाल्याचं नाव माहीत आहे, कीबोर्डवर कोण कधी आला ते माहीत आहे, कारण तिथल्या फॅन लोकांनी आणि पेपरवाल्यांनी ते जपून ठेवलं, लिहून ठेवलं. माझ्या आईचं माहेर ब्रह्मपुरीकडचं. दिवाळी झाली की तिकडे मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार, खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ होतात, झाडीपट्टीची म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाची नाटकं रात्रभर चालतात, वडसा म्हणजे तर त्याचं माहेरघर. तिथं ढोलकी ऐकली की मला हेच वाटते की ही माणसं काय कमी आहेत? तिथल्या झाडीबोलीत गातात, थंडीत पहाटेपर्यंत गातात, लोक पोतं अंथरून बसतात पण उठत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी बातमी काय असते तर उद्घाटन कोणी केलं, अध्यक्ष कोण, मंचावर कोण कोण होते. ढोलकी कोणी वाजवली? ऑर्गनवर कोण होता? गाणं कोणी बांधलं? एक नाव नाही. हे वाचून काहून तरी फार वाईट वाटते, राग पण येते.

म्हणून विनंती आहे की यंदा मंडईचा सीझन लागला की तुमच्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वार्ताहरांना एवढं सांगा, वाजवणाऱ्यांची आणि गाणाऱ्यांची नावं गावासकट विचारून घ्या आणि छापा, पाहुण्यांची यादी दोन ओळींनी कमी झाली तरी चालेल. एखाद्या रविवारी अर्धं पान एकाच मंडळाला द्या, कोण कधीपासून आहे, आधी कोण गायचं, सगळं. आणि रनरिगवर लेख करायचा असेल तर कॅसेट, सीडी, ती फिल्म सगळं आमच्याकडे आहे, वार्ताहराला पाठवा, गच्चीवर जागा आहे.

आपला नियमित वाचक,
मनीषनगर, नागपूर