अमेरिकन सून असली म्हणून व्हिसा मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी जोडीदारांशी झालेल्या लग्नांवर लेख आला होता. लेख चांगला आहे, पण त्यात जाता जाता एक विधान केले आहे की, अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले की तिकडचा व्हिसा ही निव्वळ औपचारिकता उरते. वस्तुस्थिती याच्या बरोबर उलट आहे. निदान चार दिवस जाऊन माणसांना भेटून यायच्या व्हिसाबाबत तरी आहेच. आमच्या घरात सध्या हाच विषय चालू असल्यामुळे चार ओळी लिहितो. त्या चाळीस झाल्या तर कात्री लावावी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, बराचसा माल बेदाण्याला जातो. सून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली. मराठी शिकायला पुण्याला आली, मुलगा तेव्हा तिथे कृषी महाविद्यालयात होता. पुढचे सांगायला नको. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तीस दिवस थांबलो आणि रीतसर नोंदणी केली. आता ती शेडवर बेदाण्याची निवडणी करून घेते आणि मजुरीच्या हिशेबावरून बायकांशी आमच्याच बोलीत हुज्जत घालते. अमेरिकेला जाऊन राहण्याचा विचार दोघांच्याही मनात नाही. अडचण एवढीच की तिच्या वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होते, त्यांना प्रवास शक्य नाही. जावयाला त्यांनी फोनच्या पडद्याबाहेर कधी पाहिलेले नाही. म्हणून मुलाने फिरायला जाणाऱ्यांचा, म्हणजे बी-2 व्हिसा मागितला.

अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यात 214(ब) हे कलम आहे. हा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे, असे हे कलम गृहीत धरते. तसे नाही हे अर्जदाराने खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. इतरांना ते त्या मानाने सोपे जाते : बायको इथे, मुले इथे, नोकरी इथे. आमच्या मुलाच्या बाबतीत बायको हाच विरुद्ध बाजूचा पुरावा ठरतो. अधिकाऱ्याची शंका अगदीच निराधार आहे असेही नाही. पर्यटक म्हणून कायदेशीर मार्गाने आत गेलेल्या माणसाची बायको अमेरिकन नागरिक असेल, तर त्याला तिथे बसूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो, आणि तसे करणारे आहेत. त्यांच्यामुळे परत येणारेही संशयात भरडले जातात.

मुलाखतीची तयारी आम्ही अगदी तपासणीला साहेब येणार असल्यासारखी केली होती. सातबारा, आठ-अ, बँकेचे पीककर्जाचे कागद, शीतगृहात ठेवलेल्या बेदाण्याच्या पावत्या, सगळ्याचे इंग्रजी भाषांतर करून फाइल लावली. व्याह्यांनी तिकडून आमंत्रणाचे पत्र पाठवले. या पत्राबद्दल वाचकांनी एक लक्षात ठेवावे. असे पत्र लागत नाही आणि निर्णय त्यावर होत नाही, असे अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतःच सांगते. फाइल तर कुणी उघडलीच नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. "पत्नी अमेरिकन आहे? मग तुम्ही दोघे अमेरिकेतच का राहत नाही?" असा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, "बाग तिकडे नेता येत नाही." मला विचाराल तर याहून सरळ उत्तर नाही. ज्याने एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी जवळून पाहिली आहे, त्याला कळेल की बागायतदार सप्टेंबरच्या शेवटी जगात कुठेही असला तरी घरी परततोच. पण खरड छाटणी हा पुरावा मांडायला अर्जात रकाना नाही. हातात छापील कागद मिळाला, त्यावर तेच कलम. त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरायची. ती 2023 पासून 185 डॉलर, म्हणजे सोळा हजारांच्या घरात आहे, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. अधिकाऱ्याशी माझे भांडण नाही, तो त्याच्या कायद्याने वागला.

"मग सरळ ग्रीन कार्डच का काढत नाही? नागरिकाच्या नवऱ्याला तर कोट्याची मर्यादाही नाही," असे गावातले सुशिक्षित लोक सुचवतात. कोट्याचे खरे आहे. पण त्या मार्गात बायकोला नवऱ्याची आर्थिक हमी घ्यावी लागते, आणि हमी घेणाऱ्याचे वास्तव्य अमेरिकेत हवे, किंवा तिथे परत राहायला जायची तयारी दाखवायला हवी. ती तर तासगावात. शिवाय कार्ड मिळाल्यावर वर्षभराहून अधिक काळ परवान्याशिवाय बाहेर राहिले की तिथले वास्तव्य सोडले असे समजले जाते. म्हणजे सासऱ्याला भेटायला जाण्यासाठी आधी देश सोडायची कागदोपत्री तयारी करायची. जो राहणार नाही म्हणतो त्याच्यावर विश्वास नाही, आणि राहायचा व्हिसा घे म्हणावे तर तिथे राहिलेच पाहिजे!

या कोंडीत एजंटांचे फावते. नकारानंतर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने मुलाला समजावले, "व्हिसा अर्जाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये बायकोचं नागरिकत्व भारतीय टाका, गृहिणी लिहा. नायगाराची टूर दाखवू, हॉटेलचं बुकिंग आमच्याकडे. खात्यात पैसे कमी असतील तर महिनाभर फिरवून देतो." मुलगा उठून आला. त्या फॉर्ममध्ये जोडीदाराचे राष्ट्रीयत्व स्पष्ट विचारलेले असते, अमेरिकेत जवळचे नातेवाईक कोण हेही असते. तिथे खोटे लिहिल्याचे उघड झाले तर अमेरिकेचे दार जन्मभर बंद होऊ शकते, मग ग्रीन कार्डाचा रस्ताही बंद. नुसता नकार त्या मानाने काहीच नाही, तो पुढच्या अर्जात खरेपणाने सांगता येतो. आपल्याच दैनिकात अशा एजंटांच्या जाहिराती "शंभर टक्के व्हिसा" म्हणून छापून येतात, तेवढे मात्र आपण मनावर घ्यावे. शंभर टक्के कुणीच देऊ शकत नाही.

घरात कुणी गंभीर आजारी असेल तर मुलाखतीची तारीख लवकर मागता येते. आधी फी भरून साधी तारीख घ्यायची, मग डॉक्टरांचे पत्र जोडून विनंती करायची. 2022 च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांच्या पुढची प्रतीक्षा दिसत होती, तेव्हा ही सोय किती मोलाची ते कळले असेल. पण लवकर मिळते ती तारीख. कसोटी तीच राहते.

सून म्हणते, नागरिक मी आहे, मग माझ्या नवऱ्याला माझ्या वडिलांना भेटू देणे हा माझा हक्क नाही का? जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. तो खटला कायमच्या व्हिसाचा होता, तरी भेटीच्या व्हिसावर कोर्टात काय हाती लागेल याची कल्पना येते.

दुसरीकडे वेगळे कायदे आहेत. पुढेमागे स्थायिक होण्याची इच्छा असली म्हणून तात्पुरत्या भेटीला नकार देता येत नाही, मुदत संपल्यावर माणूस परत जाईल एवढे पटले पाहिजे, असे कॅनडाच्या कायद्यातच लिहिले आहे. युरोपीय संघात फ्रेंच माणसाची भारतीय बायको त्याच्याबरोबर जर्मनीला जाणार असेल तर तिला व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यायचा असतो. आपणही सोवळे आहोत असे नाही. नोंदणी होऊन लग्न सलग दोन वर्षे टिकल्याशिवाय परदेशी सुनेला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे इथे दीर्घकाळ राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येत नाही, आणि त्याआधी सुरक्षा तपासणी असते. मूळ पाकिस्तान किंवा बांगलादेशचे असेल तर तो मार्गच नाही. पण भेटीपुरते बोलायचे तर आमच्या विहीणबाईंना ई-व्हिसा घरबसल्या आठवड्याच्या आत मिळाला. त्या आल्यावर चोवीस तासांत त्यांच्या मुक्कामाचा सी फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, तो आम्ही भरला. ही अट घरी पाहुणा उतरवणाऱ्यालाही लागू आहे, फक्त हॉटेलला नाही. अनेकांना ते ठाऊक नसते.

भारत आणि अमेरिका यांच्यात व्हिसाच्या प्रश्नांवर अधूनमधून बोलणी होतात. त्यात आयटीवाल्यांच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची चर्चा भरपूर असते. आजारी सासू-सासऱ्यांना भेटू पाहणाऱ्या जोडीदारांसाठी, परतीची हमी म्हणून अनामत रक्कम घेऊन का होईना, एखादी ठरावीक मुदतीची सोय मागायला काय हरकत आहे? पैसे अडकवायला आमची तयारी आहे. परराष्ट्र मंत्रालयाला मी तसे मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे.

यंदाचा माल शेडवरून हलला की मुलगा पुन्हा अर्ज करणार आहे, बायकोचे नागरिकत्व आणि मागचा नकार दोन्ही लिहून. तोपर्यंत आमचे नाव-गाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. तासगाव, जि. सांगली