पॅलेट फोर्क घेताना फोर्कवरचा आकडा बघू नका, लोडरचा बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरमध्ये छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला लावायच्या पॅलेट फोर्कबद्दल, म्हणजे माल रचलेली चौकट (पॅलेट) खालून उचलायच्या लोखंडी दांड्यांबद्दल, माहितीचा तक्ता आला होता, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्यात फोर्क किती किलो पेलतात ते मोठ्या अक्षरात दिलंय, आणि फसगत तिथेच होते. तो आकडा फक्त लोखंडाचा आहे, म्हणजे एवढ्या वजनाला फोर्क वाकणार नाहीत इतकंच. तुमचा लोडर तेवढं उचलेल असा त्याचा अर्थ नाही.

मी स्वतः हीच चूक केली. दुकानदाराने सांगितलं जाडजूड घ्या आयुष्यभर टिकतील, मी घेतले, आणि पहिल्याच दिवशी भरलेलं पॅलेट गुडघ्याएवढं उचललं तर मागची चाकं हलकी होऊन जमीन सोडायला लागली. पटकन खाली ठेवलं म्हणून वाचलो. त्या दिवशी माहितीपुस्तिका नीट वाचली. लोडरची ताकद बऱ्याच पुस्तिकांत दोन ठिकाणची दिलेली असते, एक पिनपाशी (लोडरच्या आर्मला, म्हणजे उचलणाऱ्या हातांना, अवजार जिथे जोडतात तिथे) आणि एक पिनच्या 500 मिमी पुढे, आणि दुसरा आकडा चांगलाच कमी असतो. दुकानात मात्र पहिलाच सांगतात. शिवाय पूर्ण वर नेल्यावर ताकद अजून घटते ते वेगळंच.

आता हिशोब बघा. समजा पिनपाशी 500 किलो उचलतो. फ्रेम (फोर्क ज्या चौकटीवर बसतात ती) आणि फोर्क मिळून 130 किलोचे असतील तर बकेट (लोडरचं पुढचं खोरं) काढून ते लावल्यावर उरले 370, आणि माल तर पिनच्या बराच पुढे बसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणजे जड फोर्क घेतले की आपणच आपला माल कमी करतो. छोट्या ट्रॅक्टरला हलकी फ्रेम आणि 42 इंची फोर्क बहुतेक कामांना पुरतात असं माझं स्पष्ट मत आहे, 36 इंचीसुद्धा चालतात. 48 इंची लांबच लांब फोर्क पॅलेटच्या पलीकडे निघतात आणि मागच्या मालात घुसतात. 1200 बाय 1000 चं पॅलेट चारही बाजूंनी उचलता येणारं असेल तर फोर्क 1000 मिमी आत जातील अशा बाजूने घाला, सारखा भरलेला माल मग फोर्कच्या टाचेपासून (फ्रेमलगतच्या टोकापासून) 600 ऐवजी 500 मिमीवर येतो, फुकटात फायदा.

बकेटच्या ओठाला आवळून बसवायचे फोर्क स्वस्त पडतात हे खरं, पण त्यात बकेटचंही वजन राहतं, माल अजून पुढे जातो आणि ओठ वाकतो. मी तरी ते कुणाला घ्या म्हणणार नाही. घ्यायच्या आधी लोडरचं कपलर (अवजार अडकवायची जोडणी) कुठल्या पद्धतीचं आहे तेही बघा, प्रत्येक फ्रेम प्रत्येकाला बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचं वजन, आणि नेमकं तेच तुमच्या माहितीत नव्हतं. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ब्रेक दाबला तरी ती नुसती घसरतात. म्हणून मागच्या थ्री पॉइंटला (अवजारं जोडायच्या जागी) काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन, हवंच, टायरमध्ये पाणी भरलं असलं तरी हवं, आणि फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवायचं म्हणजे पुढची चाकंही धरून ठेवतात. माल जमिनीलगत ठेवून हळू चालवा. मागे जाळीची उंच चौकट असलेलीच फ्रेम घ्या, कारण फोर्क आपोआप सपाट न ठेवणाऱ्या साध्या लोडरला आर्म वर गेले की फोर्क आपोआप मागे कलतात आणि वरचं पोतं थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं. वर नेता नेता फोर्क सपाट करत राहायचे ही सवय लावावीच लागते.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा फोर्क आणि फ्रेमचं स्वतःचं वजन एका रकान्यात द्या, आणि लोडरची पिनच्या 500 मिमी पुढची ताकद त्याच्या शेजारच्या रकान्यात.

आपला,
एक वाचक