यिर्मयाचं पत्र पूर्ण वाचा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी स्वतः विश्वासणारा, नियमित चर्चला जाणारा माणूस आहे, त्यामुळे बाहेरून कुणीतरी टीका करतोय असं समजू नये. पण कुठं युद्ध पेटलं की भूकंप झाला की लगेच मोबाईलवर फॉरवर्ड सुरू होतात, बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या भाकितातला अमुक आकडा आता पूर्ण झाला म्हणे, आणि शिकलेली माणसं पण आमेन आमेन करत ते पुढं ढकलतात. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या धर्मोपदेशकाने दानीएलमधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं असा हिशेब मांडला होता, मग त्याच्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पकडली, काहींनी तर शेतातलं पीक पण काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तो उगवलाच.

आणि दुसरीकडे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. देवाच्या मनात आपल्यासाठी हिताच्याच योजना आहेत, हे वचन परीक्षेला, इंटरव्ह्यूला, लग्नपत्रिकेत सगळीकडे. वचन गोडच आहे, पण ते एका पत्रातलं आहे आणि ते पत्र कुणाला लिहिलंय ते कुणी बघतच नाही. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून जी माणसं धरून बाबेलला नेली त्यांना यिर्मया लिहितोय, की घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला ओढून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! आणि ७० वर्षं थांबा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत सुटका नाहीच. ११वं वचन याच्यानंतर येतं. हे छापा की पत्रिकेवर.

त्याच्या आधीचा २८वा अध्याय तर जरूर वाचावा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की बाबेलला नेलेली माणसं आणि मंदिरातली भांडी, दोन वर्षांत सगळं परत येणार, लोकांना अर्थात हेच हवं होतं. यिर्मया त्याच्यावर ओरडत नाही, उलट आमेन म्हणतो, देव असंच करो म्हणतो, फक्त शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा ते घडल्यावरच कळतं एवढं सांगतो. मग बाबेलच्या राजापुढे मान वाकवा याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जोखड हनन्या मोडतो आणि यिर्मया गुपचूप निघून जातो (मला ही जागा फार आवडते). लोखंडी जोखडाचा निरोप घेऊन तो येतो ते नंतर.

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे हो, निरोप आणणारा. आमोस तर मेंढरं आणि उंबराची झाडं सांभाळणारा, तो सरळ म्हणाला मी संदेष्टाही नाही आणि संदेष्ट्याचा मुलगाही नाही, आणि बोलला कशावर तर खोटी मापं आणि पायातल्या जोड्यापायी विकला जाणारा गरीब यावर. याचे फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेले नाहीत.

यिर्मयाच्या त्या पत्रावर बाबेलमधून शमाया नावाच्या गृहस्थाने यरुशलेमच्या याजकाला पत्र धाडलं होतं, की हा वेडा आम्हाला घरं बांधा बागा लावा सांगतोय, याला अजून खोड्यात कसं घातलं नाही. तेव्हा माझ्या या पत्रावर तुमच्याकडे काय काय येईल याची मला थोडी कल्पना आहे.

आपला,
एक वाचक