भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, संपादन व विक्री विभाग

विषय : अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील चुका, शुद्धिपत्र व परतावा मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी जुलैमध्ये आपल्या पुस्तकाच्या ३० प्रती घेतल्या. निवड माझीच. ‘सुधारित आवृत्ती’, स्वच्छ छपाई, सोडवलेली भरपूर उदाहरणं, एवढं दुकानात उभ्या उभ्या पाहिलं आणि मागणी नोंदवली.

गेल्या आठवड्यात एका मुलाची वही तपासत होते. ४५ मीटर उंच मनोऱ्यावरून दगड सोडला, गुरुत्व त्वरण १० धरा, दगड किती सेकंदांत खाली पोहोचेल, असं गणित. त्याने उत्तर ३ काढलं होतं, मग त्यावर काट मारून शेजारी ९ लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, पुस्तकात मागे ९ दिलंय.” वेळेचा वर्ग ९ येतो. त्याचं वर्गमूळ काढायचं राहून गेलं आणि तोच आकडा उत्तर म्हणून छापला गेला. ९ सेकंदांत तो दगड ४०५ मीटर पडेल. मुलाचं बरोबर होतं आणि त्याने ते पुस्तकावर विश्वास ठेवून खोडलं. हे मला फार लागलं.

त्या रात्री पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. छपाईची चूक एकवेळ समजू शकते, पण बलांच्या प्रकरणात टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाची आकृती आहे आणि पुस्तकाचं वजन व टेबलाचं अभिलंब बल (टेबल पुस्तकाला वर ढकलतं ते) ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणून दाखवली आहे. ही दोन्ही बलं एकाच वस्तूवर आहेत. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते; वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. क्रिया-प्रतिक्रियेची बलं नेहमी सारखीच असतात, पण लिफ्ट वर जाताना वेग वाढत असेल तर आत उभ्या माणसावरचं अभिलंब बल त्याच्या वजनापेक्षा जास्त होतं. आपली आकृती पाठ केलेल्या मुलाला तिथे काहीच सुचणार नाही. भौतिकशास्त्राचं कोणतंही पुस्तक चांगलं की वाईट, ते मी आता त्यातलं हेच पान उघडून ठरवते.

पुढे, अंतराळस्थानकात ‘गुरुत्वाकर्षण नसते’ असं लिहिलंय. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक दोन्ही सारखेच पडत असतात. आपल्या पुस्तकात किलोग्रॅमची व्याख्या अजून प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावरच आहे. प्रत्यक्षात ती २० मे २०१९ पासून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बसवलेली आहे. मग या आवृत्तीत सुधारलं काय?

आपल्या कार्यालयात फोन केला तेव्हा “पुढच्या आवृत्तीत बघू” असं उत्तर मिळालं. माझी मुलं याच वर्षी परीक्षेला बसणार आहेत.

म्हणून विनंती अशी, की शुद्धिपत्र छापून १५ दिवसांत सर्व विक्रेत्यांकडे पाठवावं आणि पुस्तक कोणत्या विषयतज्ज्ञाने तपासलं ते कळवावं. आमच्या ३० प्रती परत घेऊन पूर्ण रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात जमा करावी. पावतीची प्रत आणि मला सापडलेल्या १७ चुकांची पान क्रमांकांसह यादी सोबत जोडली आहे. शुद्धिपत्राचा कच्चा मसुदा पाठवलात, तर मी तो विनामूल्य तपासून देईन.

आपली,
भौतिकशास्त्र शिक्षिका
जि. सातारा